१ जानेवारी १९८० ची फाइल

आजच्या धाग्यात किल्ला नाही, तह नाही, ताम्रपटही नाही. आजचे साधन साडेतीन इंची फ्लॉपीवरचे आहे आणि त्याची लांबी अवघी आठ बाइट आहे.

कांजूरमार्ग पूर्वेची आमची इमारत पुनर्विकासाला निघाली, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला. त्यात पावत्या, एक तुटका कंपास आणि निळ्या शाईने ‘प्रिन्स’ लिहिलेली फ्लॉपी होती. अक्षर काकांचे. ते माझ्या जन्माआधीच गेले. त्यांच्या कार्यालयाने मोडीत काढलेला एक संगणक त्यांनी घरी आणला होता. तो कधीच भंगारात गेला. बाबा काकांविषयी फारसे बोलत नाहीत. फ्लॉपी हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, “चालते का बघ.”

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी रचला. धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने चित्रण केले व त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी डॉसवरची आवृत्ती आली. आपल्याकडे संगणकवर्गांतून आणि कचेऱ्यांतून हा खेळ पसरला तो बहुधा नकलेवरून केलेल्या नकलांनी, पोथ्या पसराव्यात तसा. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटे मिळतात आणि राजपुत्र मेला तरी घड्याळ थांबत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. मूळ कागदावर कधी लिहू नये, हा दफ्तरखान्याचा नियम इथेही लागू पडतो. म्हणून आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून लेखन बंद केले आणि मग संपूर्ण तबकडीची प्रतिमा घ्यायला बसले. मध्येच वाचन अडले. आमच्या पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. या दमट हवेत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे फ्लॉपीची काय कथा! झडप सरकवून पाहिली तर तबकडीवर पांढुरके ठिपके. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते हलकेच टिपले, तबकडी वाळू दिली. चौथ्या प्रयत्नात सगळे सेक्टर वाचले गेले.

खेळाच्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली. हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही, असे उत्तर आले. जुन्या विंडोजशी जुळवून घेण्याचे जे पर्याय असतात, ते सगळे वापरून पाहिले. उत्तर तेच.

फाइल धड, संगणक धड, मग बिघाड कुठे? ज्यांनी मोडी कागद हाताळला आहे त्यांना हे चटकन कळेल. कागद शाबूत असतो, शाई ठसठशीत असते, वाचणारा नसतो. हा खेळ १६-बिट भाषेत लिहिलेला आहे, म्हणजे इंटेलने १९७८ मध्ये काढलेल्या ८०८६ प्रोसेसरच्या भाषेत. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये त्या जुन्या प्रोसेसरचे सोंग वठवण्याची खास सोय होती. २००३ पासून घरोघरी येऊ लागलेल्या ६४-बिट पद्धतीत ही सोय ठेवलेली नाही, म्हणून ६४-बिट विंडोज अशा प्रोग्रॅमला दारातूनच परत पाठवते. विनोद असा, की वीज मिळाल्यावर अगदी पहिल्या क्षणी माझा लॅपटॉपही १९७८ च्याच रीतीने जागा होतो. ती भाषा त्याला येते. एकदा ६४-बिट झाल्यावर मात्र तो ती बोलत नाही.

उपाय म्हणजे दुभाषी. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम २००२ पासून हे काम करतो. तो जुना प्रोसेसर, ध्वनिपत्र, पडदा, सारे काही सॉफ्टवेअरमध्येच उभे करतो. त्यात ‘माउंट’ ही आज्ञा देऊन माझा फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह म्हणून जोडला आणि ‘प्रिन्स’ टंकले. पडदा काळा झाला आणि संगीत सुरू झाले. ते मेकनरच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी रचलेले. खेळाचा हरवलेला मूळ स्रोत असलेल्या फ्लॉप्या २०१२ मध्ये सापडल्या, त्याही या वडिलांनाच, घरातल्या एका खोक्यात.

फ्लॉपीवर आणखी एक फाइल होती: अर्धवट सोडलेला डाव. या खेळात डाव जपायला एकच जागा असते; कंट्रोल आणि जी एकत्र दाबले की जुन्यावर नवा चढतो. म्हणून त्या दोन कळांना बोट लावायचे नाही, असे ठरवून आधी फाइलच उघडून पाहिली. आठ बाइट, म्हणजे चार आकडे: उरलेली मिनिटे २२, मग मिनिटाचा उरलासुरला अंश, पातळी ८, प्राण ५. आणि फाइलीवरची तारीख १ जानेवारी १९८०, रात्रीचे १२ वाजून ४७ मिनिटे.

खेळच १९९० चा, तेव्हा तारीख खोटी. पण खोटी तारीखही साधनच असते. डॉसची कालगणना १ जानेवारी १९८० ला सुरू होते. संगणकातले घड्याळ बंद असेल, तर सुरू करताच तो तारीख विचारतो आणि ती न भरता पुढे गेले की त्याच दिवसाच्या मध्यरात्रीपासून मोजू लागतो. बाबांना विचारले. म्हणाले, “दादा नुसता एंटर मारायचा.”

म्हणजे ४७ हा आकडा खरा आहे. त्या रात्री, किंवा त्या दुपारी, संगणक सुरू होऊन ४७ मिनिटे झाली होती. डाव एका बैठकीतला असेल, तर त्यातली सुमारे ३८ मिनिटे खेळात गेली. उरतात नऊ.

कंट्रोल आणि एल दाबून तो डाव उघडला. आठव्या पातळीच्या दारात राजपुत्र उभा राहिला. स्पेसबार दाबला की खाली उरलेला वेळ दिसतो. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्या नऊ मिनिटांचा हिशेब लागत नाही, असे मी म्हणाले.

“लागतो,” ते पडद्याकडे पाहत म्हणाले. “दादा आधी मला खेळायला द्यायचा. पहिल्याच पहारेकऱ्याकडून मी मरायचो.”