सहभोजी

दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयात, नातेवाइकांनी रात्री काढाव्यात म्हणून ठेवलेल्या लाकडी बाकावर, एक वृद्ध स्त्री अकराव्या दिवशीही बसलेली होती. तिचे पती निवृत्त प्राध्यापक. याच शहरातल्या एका महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे मराठी शिकवले होते. मोठ्या आतड्यातली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली होती, टाके कोरडे होते. आणि तरीही आठव्या रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप चढला. रक्त तपासायला गेले. अहवाल आला तेव्हा तरुण डॉक्टर बाहेर येऊन हिंदीत म्हणाले, "माताजी, बाहेरचे काही नाही. यांच्याच आतड्यातले जंतू रक्तात उतरले आहेत."

बाईंच्या मनात पहिल्यांदा आले ते ताक. सातव्या दिवशी सिस्टरची नजर चुकवून त्यांनी घरून आणलेले चार चमचे ताक पतीला पाजले होते. ते त्यांनी कबूल करून टाकले. डॉक्टर हसले आणि त्यांनी ताकाला निर्दोष ठरवले. अहवालात नाव होते एन्टेरोकॉकसचे. हा जंतू बहुतेक सर्व माणसांच्या आतड्यात असतो, डॉक्टरांच्या आणि बाईंच्याही.

अशा जंतूंना शास्त्राने दिलेले नाव भाषेच्या अभ्यासकाला थबकायला लावणारे आहे. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हॅन बेनेडेन यांनी १८७०च्या दशकात 'कमेन्सल' ही संज्ञा जीवशास्त्रात रुजवली. लॅटिनमध्ये 'मेन्सा' म्हणजे मेज. तेव्हा कमेन्सल म्हणजे एका मेजावर जेवणारा, सहभोजी. मराठी मनाला या शब्दाबरोबर मेज आठवत नाही, पंगत आठवते. आणि पंगतीबरोबर समाजसुधारकांची सहभोजने जशी आठवतात, तसा 'पंक्तिप्रपंच' हा शब्दही आठवतो. आतड्याच्या पंगतीतही मानाची पाने ठरलेली आहेत. तिथली बहुसंख्य वस्ती प्राणवायू न सोसणाऱ्या जंतूंची. एन्टेरोकॉकस किंवा एशेरिशिया कोलाय ही मंडळी अल्पसंख्य, कोपऱ्यात बसणारी. बहुसंख्यांनी जागा आणि अन्न अडवून धरलेले असते, म्हणून ही कोपऱ्यातच राहतात. म्युनिकमध्ये थेओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली अर्भकांच्या मळात जो जंतू वर्णिला, त्याला त्याने 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून' म्हटले, म्हणजे आतड्यातला सर्वसाधारण जंतू. जन्मानंतर थोड्याच काळात तो पोटात वस्तीला येतो, आणि तेव्हापासून भाडे म्हणून थोडे के जीवनसत्त्वही देतो.

एन्टेरोकॉकसचे चरित्र मात्र पहिल्यापासूनच दुहेरी आहे. १८९९ साली पॅरिसमध्ये तिएर्सलँ यांनी त्याला नाव दिले ते आतड्यातला रहिवासी म्हणून. परंतु तो आजारही घडवू शकतो हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. रहिवाशाचा रोगकर्ता व्हायला त्याला आपला स्वभाव बदलावा लागत नाही. घर बदलले की पुरते. प्राध्यापकांचे आतडे कापून सांधले होते, गळ्याच्या शिरेत एक नळी होती, मूत्राशयात दुसरी. अशा नळ्यांच्या अंगावर जंतू चिकट साय धरून राहतात आणि तिच्याखाली औषध सहसा पोचत नाही. त्यातच शस्त्रक्रियेपासून सेफॅलोस्पोरिन वर्गातले प्रतिजैविक चालू होते. या वर्गातल्या औषधांना एन्टेरोकॉकस मुळातच दाद देत नाही. पंगतीतले इतर अनेकजण उठले, कोपऱ्यातला हा मधल्या पाटावर येऊन बसला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात ही म्हण मराठीत आहे. तिचे इतके शारीर भाष्य क्वचितच सापडेल.

ताप थोडा उतरल्यावर प्राध्यापकांना ही हकीकत कळली आणि ते जवळजवळ आनंदित झाले. आयुष्यभर त्यांनी संतसाहित्य शिकवले होते. क्षीण आवाजात ते म्हणाले, "अगं, षड्रिपू दुसरे काय आहेत? वैरी आतच असतो."

"अहो, ते खरं," बाई म्हणाल्या, "पण मग शेजारच्या खाटेवरच्या सरदारजींना चार दिवस आधी हाच ताप कसा आला? त्यांच्या सुनेनं मला बाकावर सांगितलं, नावसुद्धा हेच. त्यांचं आतडं आणि तुमचं आतडं काय एकच आहे?"

प्राध्यापकांजवळ याचे उत्तर नव्हते. रूपकाचा हाच दोष आहे. ते एकदा चपखल बसले की चौकशी थांबते.

बाईंचा प्रश्न शास्त्राच्या नेमक्या मर्मावर होता. रुग्णालयात काही दिवस काढलेल्या माणसाच्या आतड्यातली वस्ती घरून आणलेलीच राहते असे नाही. प्रतिजैविकांनी रिकाम्या केलेल्या जागेत रुग्णालयातच मुरलेले, औषधांना सरावलेले वाण शिरतात. खाटेच्या कठड्यावरून, स्टेथोस्कोपवरून, पण सर्वांत अधिक माणसांच्या हातांवरून. एन्टेरोकॉकस कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकतो. मग एके दिवशी तोच रक्तात उतरतो, आणि तोवर तो 'यांच्याच आतड्यातला' झालेला असतो. डॉक्टरांचे वाक्य खोटे नव्हते. मात्र तो जंतू त्यांचा कधी झाला आणि कोणाच्या हातून झाला, हा प्रश्न त्या वाक्याने मिटवून टाकला होता. रुग्णालयाच्या दृष्टीने ते सोयीचेच होते.

या सरावाची कथा जुनी आहे. बोर्निओच्या मातीतल्या एका जीवापासून मिळालेले व्हँकोमायसिन १९५८ पासून वापरात आले आणि दीर्घकाळ ते एन्टेरोकॉकसवरचे भरवशाचे औषध होते. १९८८ साली इंग्लंड आणि फ्रान्समधून त्यालाही न जुमानणाऱ्या वाणांचे वृत्तांत आले. युरोपात त्याच कुळातले अव्होपार्सिन जनावरांच्या खाद्यात मिसळले जाई. त्यावर युरोपीय संघाने १९९७ साली बंदी घातली.

दिल्लीला या इतिहासात स्वतःचे एक कटू पान आहे. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या मूत्रात २००८ साली क्लेब्सिएल्ला हा आतड्यातलाच जंतू सापडला. अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही निकामी करणारे एक जनुक त्याच्यापाशी होते. २००९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला नवी दिल्लीचे नाव मिळाले, आणि २०१० साली त्या नावावरून देशात मोठा गदारोळ झाला. शहराचे नाव रोगाला चिकटवणे अनुचितच होते. पण त्या गदारोळात एक तपशील मागे पडला: त्याच रुग्णाच्या मळातल्या एशेरिशिया कोलायमध्येही तेच जनुक आढळले होते. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात वाढावे तसे ते एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकत होते. नावाचा वाद पुष्कळ झाला, हातांचा त्या मानाने थोडा.

प्राध्यापकांच्या रक्तातला वाण व्हँकोमायसिनला बधत नव्हता. गळ्यातली नळी काढली, लिनेझोलिड सुरू झाले आणि त्यांना वेगळ्या खोलीत हलवले. दारावर पाटी लागली. आत जाणाऱ्याने झगा आणि हातमोजे घालायचे. सेहेचाळीस वर्षे ज्यांच्या समोरच्या पानावर त्या जेवल्या, त्यांच्या कपाळावर रबरी मोज्यातून हात ठेवताना बाईंना काही बोलवेना. बाहेरून आणलेले खाणे बंद होते. त्यांनी डबा बाकावरच एकट्याने उघडला आणि तसाच मिटला.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना तो अपमान वाटला होता. बाईंना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची बाकापासून उचलून त्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवली. जो कोणी आत जाऊ लागे, सिस्टर असो की वॉर्डबॉय, त्याला त्या आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारत, "हात धोया?" पहिल्या दिवशी काहीजण रागावले. मोठे डॉक्टर आपल्या लवाजम्यासह आले तेव्हाही त्यांनी तेच विचारले. लवाजमा क्षणभर थांबला. मोठ्या डॉक्टरांनी काही न बोलता मागे वळून बेसिनचा नळ उघडला, आणि त्यांच्यामागे सहाजण रांगेत उभे राहिले.