मंद चेंडू आणि ‘मेरिट’

वस्तीजवळच्या शाळेत खेळाच्या तासाला मी पाचवीच्या मुलांना टेनिस शिकवायला मदत करतो. पहिल्या दिवशी नेहमीचा पिवळा चेंडू दिला. टप्पा खाऊन तो मुलांच्या डोक्यावरून जायचा. एक शिक्षक म्हणाले, “हा खेळ यांच्या रक्तातच नाही.”

पुढच्या तासाला लाल चेंडू आणला. तो सुमारे ७५ टक्के मंद असतो. खांदा वळवा, टप्पा पडू द्या, चेंडू कमरेच्या उंचीला आला की शरीराच्या पुढे गाठा, रॅकेट खालून वर न्या. तास संपेपर्यंत सात-आठ फटक्यांची रॅली होऊ लागली. रक्त तेच होते, चेंडू बदलला होता.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा चेंडू बंद केला. दर्जा घसरला, अशी ओरड आरक्षणविरोधकांनी तेव्हा केली नाही. क्लबात वाढलेल्या मुलालाही कुणीतरी आधी हळूच चेंडू टाकलेला असतो. ते घरचेच असतात, म्हणून त्याला सवलत म्हणत नाहीत, मेरिट म्हणतात.

लाल चेंडूने आमच्या मुलांना लायकी दिली नाही. ती होतीच. तिला फक्त टप्पा मिळाला.

जय भीम!