तरीचे भाडे

पाण्यात माणसे बुडाली, की आपल्याकडे नियम वर येतात. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली चाकरमानी मंडळी होती ती. त्या दुर्घटनेचे नाव काढल्यावर रायगड जिल्ह्यातली म्हातारी माणसे परवापरवापर्यंत गप्प होत. अलीकडचे म्हणाल, तर जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी 18 डिसेंबरला घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’ लाँचीला नौदलाची स्पीडबोट धडकली. पंधरा माणसे गेली. पाठोपाठ गेटवेवर फर्मान निघाले, की जाकिटाशिवाय कोणी चढायचे नाही. या दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी जे कोणी लाँचीत बसतील, त्यांनी ते नारिंगी जाकीट फोटोपुरते न घालता बंद आवळून घालावे, एवढी मास्तरकी मला करू द्या.

नियम हवेतच. देशांतर्गत जलवाहतुकीचा कायदा 1917 सालचा होता. तो जाऊन 2021 साली नवा आला. नोंदणी, तपासणी, विमा, तांडेलाचे प्रमाणपत्र असे सारे त्यात आले आणि ते योग्यच झाले. पण या सगळ्याला पैसे लागतात, आणि ते कोणी द्यायचे हा प्रश्न निघाला की सभा विसर्जित होते!

आमच्या शाळेची निम्मी मुले खाडीपलीकडची. तरीने येतात. तर म्हणजे एक जुनी होडी आणि तिला बसवलेले इंजिन. भाडे दहा रुपये, मुलांना पाच, आणि महिनाअखेरीस बहुतेकांचे उधार. तरवाल्या काकांच्या हाताखाली तीस वर्षांत कोणाचा पायसुद्धा घसरला नाही. तरी होडीत मुले मोजून भरावीत, यासाठी मी त्यांच्याशी दोनदा भांडलो आहे. पुढे नियम कडक झाले. जाकिटे घ्या, विमा काढा, होडी तपासून घ्या. तपासणारा साहेब जिल्ह्याच्या गावी. तिकडे खेपा घालायच्या म्हणजे दिवसाची कमाई बुडते ती वेगळीच. काकांनी हिशेब मांडला. भाडे वीस केले तर माणसे चढत नाहीत, आणि दहाच ठेवले तर विमा निघत नाही. शेवटी त्यांनी होडी वर ओढून ठेवली.

कागदावर आमची खाडी त्या दिवसापासून अगदी सुरक्षित झाली.

पुलावरून वळसा अकरा किलोमीटरांचा. एस. टी. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि दोन्हींचा शाळेच्या वेळेशी काही संबंध नाही. ज्यांच्या घरी मोटरसायकल होती ती मुले येत राहिली. सातवीतल्या दोन मुली दिवाळीनंतर आल्याच नाहीत. मी पलीकडे गेलो, तेव्हा एकीची आई म्हणाली, “गुरुजी, रोज एवढ्या लांब पोरीला कोण सोडणार?” मला उत्तर सुचले नाही. कायदा बदलल्याचा खर्च सरकारच्या हिशेबात मांडलेला असतो, त्यात या दोन मुली कोणत्या रकान्यात येतात, हे मला कोणी दाखवावे.

रस्त्यावर खड्डा पडला, तर तो बुजवण्याची वर्गणी आपण एस. टी. च्या ड्रायव्हरकडे मागत नाही. मग खाडीवरच्या जाकिटांचे पैसे तरवाल्याच्या खिशातून का? नव्या कायद्यात राज्याने विकासनिधी उभारण्याची तरतूद आहे. त्यातून धक्क्यावर चांगली जाकिटे ठेवावीत. मुलांच्या मापाचीही ठेवावीत, कारण मोठ्यांच्या जाकिटातून लहान मूल खाली निसटते. वर्षातून दोनदा तपासनीसालाच खाडीवर धाडावे. होडी जिल्ह्याला कशी नेणार?

हे सारे मी अर्जात लिहिले. अर्ज ग्रामपंचायतीने पुढे धाडला. काकांनी मात्र परवा होडीला रंग काढला. मी म्हटले, “काका, सुरू करताय की काय?” ते म्हणाले, “रंग नाही दिला तर लाकूड कुजतं, गुरुजी. कागद येईल तेव्हा होडी तरी जाग्यावर पाहिजे ना.”