ओंजळीपर्यंतचे अंतर

स्मरणिकेसाठी काही आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले. ज्या विद्यालयात तीन दशके काढली, तेथील आठवणींना तोटा नाही. येथून शिकून गेलेले अधिकारी झाले, शिक्षक झाले, काहींनी धम्मकार्याला वाहून घेतले. त्यांच्याविषयी इतर लिहितीलच. आम्हांला मात्र अशा एका विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे, ज्याच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. त्याचे नाव येथे देत नाही. त्याच्या बरोबरीचे माजी विद्यार्थी त्याला ओळखतील.

तो अमळनेर तालुक्यातला. वडील सालदार, आई निंदणीला आणि कापूस वेचायला जाणारी. १९९६ साली आठवीत आमच्या वसतिगृहात आला, तेव्हा त्याला दिवसा बऱ्यापैकी दिसत असे. संध्याकाळी भोजनगृहाकडे जाताना मात्र तो मित्राच्या खांद्यावर हात ठेवून चाले. मुले त्याची थट्टा करीत आणि आम्हीही ती लाडाची गोष्ट समजलो होतो. नववीच्या दिवाळीनंतर त्याला फळ्यावरचे अक्षर दिसेनासे झाले. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, दृष्टी हळूहळू जाईल आणि त्यावर औषध नाही, असे त्यांनी सांगितले.

सुट्टीत तो घरी गेला, तेव्हा आजीने त्याला जवळ घेऊन, मागच्या जन्मीचे काहीतरी फिटते आहे, असे सांगितले. परत आल्यावर त्याने आम्हांला विचारले, "सर, मी काय केलं असेल?" त्या रात्री आम्ही त्याला चक्खुपाल थेरांची कथा सांगितली. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेशी ही कथा जोडलेली आहे. साधना न सोडल्यामुळे थेरांची दृष्टी गेली. पुढे त्यांच्या पायाखाली किडे मेले, तेव्हा तथागतांनी त्यांना दोष दिला नाही, कारण मनात हिंसेचा हेतू नव्हता. अट्ठकथेत या कथेला एक दुसरा भागही आहे. त्यात थेरांच्या अंधत्वाचे कारण पूर्वजन्मीच्या कृत्यात शोधले आहे. तो भाग आम्ही सांगितला नाही. पूर्वजन्मीच्या कर्माने माणसाचे दुःख समजावून देणारा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. जो सिद्धान्त आमच्या पिढ्यान्पिढ्यांच्या अस्पृश्यतेला कारण म्हणून सांगितला गेला, तोच त्या पोराच्या डोळ्यांना लावणे आम्हांला मान्य नव्हते.

पुढे रोज रात्री अभ्यासिकेत आम्ही आणि त्याचे मित्र आळीपाळीने त्याला पुस्तके वाचून दाखवीत असू. तो ऐके, डोके हलवी आणि म्हणे, "पुढची ओळ, सर." खालच्या वर्गातला एक मुलगा लेखनिक म्हणून घेऊन १९९९ च्या मार्चमध्ये त्याने दहावीची परीक्षा दिली आणि तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. आम्ही पेढे वाटले. मग प्रश्न उभा राहिला, यापुढे याला कोण वाचून दाखवणार?

त्याच सुमारास मुंबईला जाण्याचा योग आला. तेथे एका ठिकाणी बोलणारा संगणक पाहिला. पडद्यावर जे लिहिलेले असेल ते यंत्र इंग्रजीत मोठ्याने वाचत होते आणि एक अंध तरुण त्यावर पत्र टंकित करीत होता. स्क्रीन रीडर हा शब्द आम्ही तेव्हा प्रथम ऐकला. किंमत विचारली. संगणक सोडून नुसत्या त्या परदेशी प्रणालीची किंमत आमच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. गावी जाऊन त्याच्या वडिलांना ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, इतला पैसा मी जल्ममा देखा नही." आम्ही परत आलो. मुलगा गावीच राहिला. हे परवडणारे नाही, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली आणि पुढील तुकडीच्या कामाला लागलो.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही वर्गात लुई ब्रेलची गोष्ट सांगतो. १८०९ साली फ्रान्समधील एका खेड्यात तो जन्मला. वडील घोड्यांचे चामडी साज तयार करणारे कारागीर. तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात बापाच्या दुकानातली आरी घुसली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. कागदावर टोचून उठवलेली ही टिंबे बोटांनी वाचायची. चामड्याच्या कामाशी ज्यांच्या पूर्वजांचा संबंध आला, त्यांना आरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वर्गात हा प्रसंग आला की मुले स्तब्ध होतात. परंतु या गोष्टीचा उत्तरार्ध आम्ही पूर्वी भरभर सांगत असू. लुई ब्रेल १८५२ साली वारला. तो ज्या संस्थेत शिकला आणि शिकवीत होता, त्या पॅरिसच्या संस्थेनेच त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. लिपीला पैसे पडत नव्हते. कागद आणि टोचणी एवढाच खर्च होता. तरी तीस वर्षे लागली, कारण ज्यांना डोळे होते त्यांना तिची गरज वाटली नव्हती.

याच जातीचा धडा आपल्या घरचाही आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पाण्याला किंमत नव्हती आणि कागदावर हक्कही होता. तरीही कोणाच्या घशाखाली घोट उतरला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा ओंजळ भरली. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर कोणीतरी चालून जावे लागते. हे वाक्य आम्ही कित्येक वर्षे वर्गात उच्चारत आलो. ते आम्हांलाच लागू आहे, हे कळायला २०१४ साल उजाडावे लागले.

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला, बाबासाहेबांच्या १९३७ मधील भेटीच्या स्मरणार्थ आपली माणसे जमतात. त्या वर्षीही पाऊस भुरभुरत होता. गर्दीत कोणीतरी हाताला स्पर्श केला. "जय भीम, सर. आवाजावरून ओळखलं." तोच होता. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात मोबाइल. तिशी ओलांडलेली. आम्ही चहाच्या पालाखाली बसलो. त्याने मोबाइल कानाशी धरला आणि त्यावर बोट फिरवले, तसे ते यंत्र एकेक शब्द वाचू लागले. मग त्याने सांगितले की, जळगावला शिकणाऱ्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी त्याला एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर शिकवला. जुना संगणक मिळवून तो आता टंकलेखन करतो आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे.

"केवढ्याला घेतलास?" आम्ही विचारले.

"फुकट आहे, सर. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध मुलानं २००६ साली सुरू केला. त्यालाही महागडा परवडत नव्हता."

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

"आत्ता. तुझ्याकडूनच."

त्याने तक्रार केली नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले. नोट बोटांनी मापून पाहिली आणि पुढे केली. परंतु परतताना बसमध्ये आम्ही हिशोब करीत राहिलो. विद्यालयात संगणक कक्ष २००८ सालीच सुरू झाला होता. दहा संगणक होते. त्यांपैकी एकावर ही प्रणाली घालायला एक पैसाही लागला नसता. अपंगांना साधने मोफत अथवा सवलतीत देणारी केंद्र शासनाची एडिप योजना तर १९८१ पासून आहे, म्हणजे तो आमच्या वर्गात बसत होता तेव्हाही होती. आम्ही एम.ए. झालेले, रोज दोन वर्तमानपत्रे वाचणारे. १९९९ साली किंमत आडवी आली, हे खरे. त्यानंतर जे आडवे आले, ते आमचे न विचारणे होते. त्याच्या बरोबरीची मुले नोकरीला लागली आणि त्याची उमेदीची वर्षे ओसरीवर बसून गेली. ती कोणत्याही योजनेत भरून मिळत नाहीत.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना काही गोष्टी येथे स्पष्ट सांगतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक ही बोलणारी सोय आधीपासूनच असते. ती फक्त चालू करावी लागते. नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० साली काढलेले मनी हे अॅप मोफत आहे. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. छापील पुस्तके अंधांसाठी सुलभ रूपात आणण्याची मुभा देणाऱ्या माराकेश कराराला जगात सर्वप्रथम मान्यता देणारा देश आपला आहे, २०१४ साली. दिल्लीच्या आयआयटीत घडलेली, डोक्याच्या व छातीच्या उंचीवरचा अडथळा कंपनाने सांगणारी स्मार्टकेन साधारण तीन हजारांत आली. ब्रेलची टिंबे क्षणोक्षणी बदलून दाखवणारी यंत्रे मात्र पूर्वीपेक्षा स्वस्त होऊनही सालदाराच्या घराला आजही झेपत नाहीत. तेथे शासनाचा व समाजाचा हात लागतोच.

हा हात मागण्याचा मार्गही आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड आधी काढावे. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या प्रत्येकीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशोब विचारावा. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग तरुण निवासी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. तेथे एकदा जाऊन यावे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी स्क्रीन रीडरच्या आधाराने अभ्यास केला. पहिल्या यशानंतर अंधत्वाच्या कारणाने रेल्वेच्या सेवेत घेतले गेले नाही, तरी २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या सनदी अधिकारी झाल्या. त्यांच्या यशाचे कौतुक करताना, आपल्या गावातल्या ओसरीवर कोण बसले आहे, हेही पाहावे.

लळिंगहून परतल्यावर त्याच आठवड्यात विद्यालयातील एका संगणकावर आम्ही ती प्रणाली घातली. घालून द्यायला आणि शिकवायला तोच आला. मानधन घ्यायला तयार नव्हता. आम्ही आग्रहाने दिले, कारण शिकवणाऱ्याचे श्रम फुकट असू नयेत. आजवर दोन मुली आणि एक मुलगा त्या संगणकावर शिकून बाहेर पडले. संख्या लहान आहे, याची आम्हांला जाणीव आहे. बी.ए. त्याने पूर्ण केले. आज तो गावात लोकांचे अर्ज आणि निवेदने टंकित करून देतो. ज्यांनी कधी आजीच्या बोलण्याला मान डोलावली होती, तेही त्याच्या दारी कागद घेऊन येतात.

गेल्या महिन्यात त्याला फोन करून सांगितले की, स्मरणिकेत तुझ्याविषयी लिहितो आहोत. तो हसला आणि म्हणाला, "सर, पण मला ती वाचता येईल का?" आम्ही मुद्रणालयात चौकशी केली. अक्षरजुळणी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होणार होती. त्यातील मजकूर स्क्रीन रीडरला केवळ निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो, आणि पानांची छायाचित्रे काढून पाठवली तर तेही नाही. तीच स्मरणिका युनिकोडमध्ये जुळवली, तर त्याचा मोबाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवील. वेगळा खर्च असा काही नाही. जुळारी थोडा कुरकुरला एवढेच.

संपादक मंडळाला आमची एकच विनंती आहे. स्मरणिकेची युनिकोड प्रत तयार करावी आणि तिच्यासह हा लेख त्याच्याकडे सर्वांत आधी पाठवावा. यातली चूक काय आणि बरोबर काय, हे सांगण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.