वगळलेल्या बाबी

पदवीच्या पहिल्या वर्षाला सहज देता येईल असे एक गणित आहे. सुमारे दोन चौरस सेंटिमीटर छेदाच्या दोन लवचीक नळ्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि त्यांतल्या द्रवाचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे साधारण १३ किलोपास्कल केला, तर लांबीच्या दिशेने त्या किती भार पेलतील? दाब गुणिले क्षेत्रफळ. प्रत्येक नळीला सुमारे २.७ न्यूटन, दोन्ही मिळून साडेपाच न्यूटनच्या आतबाहेर. अर्धा किलो वजनाहून किंचित अधिक. पुरुषाच्या शरीरात निसर्ग हेच गणित रक्तदाबाच्या भरवशावर सोडवतो. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि चेतातंतू निकामी झाले, प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत तंतू दुखावले किंवा मणक्याला मार बसला, की ते सुटेनासे होते. औषधांनी काम भागले नाही तर शल्यविशारद तेच गणित सिलिकोनच्या नळ्या आणि सलाइन वापरून सोडवतात. या उपकरणाला पिनाइल इम्प्लांट म्हणतात. मला आज त्याच्या किमतीविषयी लिहायचे आहे, आणि ती किंमत कोण देतो याविषयी.

विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या देशात १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे, आणि ताठरतेचा अभाव ही त्या रोगाची पुरुषांमधली अगदी नेहमीची गुंतागुंत आहे. पुष्कळदा ती हृदयविकाराची पूर्वसूचनाही असते. म्हणजे बोलण्यासारखे बरेच आहे. बोलले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

१९७३ साली ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवाने फुगणारा इम्प्लांट जगापुढे मांडला. आजच्या तीन भागांच्या संचाची कल्पना मुळात तीच आहे. शिश्नात दोन नळ्या, ओटीपोटात मूत्राशयाशेजारी सलाइनची छोटी टाकी, आणि वृषणकोशात बोटांनी दाबायचा पंप. पंप दाबला की द्रव टाकीतून नळ्यांत जातो. झडप सोडली की माघारी येतो. बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरा प्रकार पुष्कळ साधा आहे. धातूच्या तारेचा गाभा असलेल्या सिलिकोनच्या दोन दांड्या, हव्या तशा वाकवून ठेवता येणाऱ्या. त्यांत पंप नाही, टाकी नाही, म्हणून बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. गोळ्या, निर्वात पंप, इंजेक्शने हे सारे करून झाल्यावरच या शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण तिच्यात आतल्या स्पंजासारख्या ऊतींची जागा कायमची घेतली जाते आणि मग मागे फिरता येत नाही. हौसेखातर त्या टेबलावर कुणी चढत नाही.

भारतात वाकणाऱ्या दांड्यांचा देशी संच काही दहा हजार रुपयांत मिळतो. तीन भागांचा आयात संच काही लाखांत जातो. शस्त्रक्रिया, भूल आणि खोलीभाडे निराळे. सिलिकोन आणि मिठाचे पाणी महाग नाही, मग पैसे कशाचे? काही अंशी ते रास्त आहेत. शरीरातल्या उबदार, खारट वातावरणात दहा-पंधरा वर्षे, हजारो वेळा भरून-रिकामी होऊनही थेंबभर न गळणारी जोडणी तयार करणे सोपे नाही. पीएचडीच्या काळात व्हॅक्यूम चेंबरची गळती शोधण्यात ज्याने रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत, त्याला तरी या कारागिरीबद्दल आदरच वाटेल. शिवाय जंतुसंसर्ग झाला तर बहुधा सगळा संच काढावा लागतो. म्हणून या शतकाच्या आरंभी नळ्यांवर प्रतिजैविकांचा थर देण्याची पद्धत आली, आणि संसर्गाचे प्रमाण खाली आले. या संशोधनाचेही पैसे पडतात.

पण किमतीचा उरलेला भाग पदार्थविज्ञानातून निघत नाही. जगाच्या बाजारातला मोठा वाटा अमेरिकेची बोस्टन सायंटिफिक आणि डेन्मार्कची कोलोप्लास्ट या दोन कंपन्यांकडे आहे. मागणी थोडी, उत्पादक मोजके, मध्ये आयातदार आणि वितरक. आणि खरेदी करणारा असा, की जो चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही. मुंबईचे डॉ. रुपिन शाह यांनी भारतीय रुग्णाचा खिसा पाहून वाकणाऱ्या इम्प्लांटची रचना केली. शाह प्रोस्थेसिस या नावाने तो मूत्ररोगतज्ज्ञांना परिचित आहे. त्याच्या दांड्यांवरची आवरणे काढून जाडी कमी करता येते, त्यामुळे रुग्णालयाला अनेक मापांचे संच साठवून ठेवावे लागत नाहीत. रचनेतला एवढासा बदल, पण त्याने पैसा वाचतो. जयपूर फूट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. या दांड्यांचे नाव विज्ञानाच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकले असेल?

या विषयाशी माझी गाठ प्रयोगशाळेत पडली नाही, ती एका फायलीमुळे पडली. आमच्या परिचयातले एक गृहस्थ आहेत; मी त्यांना काका म्हणतो, नात्याने ते काका नाहीत. त्यांच्या संमतीनेच लिहितो आहे. साठीत त्यांची प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा सगळा खर्च आरोग्यविम्यातून कॅशलेस मिळाला. कर्करोग गेला. पुढची दोन वर्षे गोळ्या आणि इंजेक्शने यांत गेली, आणि अखेर डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवला. पूर्वमंजुरीचा अर्ज गेला आणि दोन दिवसांत नकार आला. कारण एका ओळीचे होते : लैंगिक दौर्बल्यावरील उपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत. इंग्रजी कागदांचा अर्थ लावण्यासाठी काकूंनी ती फाइल माझ्याकडे दिली. देताना त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचे पैसे याच पॉलिसीतून मिळाले ना रे? मग हे का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गुडघ्याचा सांधा हाही इम्प्लांटच. तोही रोगाने निकामी झालेल्या अवयवाचे काम करतो, आणि त्याच्यामुळेही जीव वाचत नाही, जगणे सुसह्य होते. एकाच घरातल्या, एकाच पॉलिसीतल्या दोन माणसांपैकी एकीचा अवयव गरज ठरला आणि दुसऱ्याचा चैन ठरला.

मग मी नियम वाचले. विमा नियामकाने सप्टेंबर २०१९मध्ये वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी प्रमाणित केली. त्यातले आठवे कलम सौंदर्यशल्यक्रिया वगळते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट देते. सतरावे कलम वंध्यत्वाचे आहे. त्यात गर्भनिरोधन, कृत्रिम गर्भधारणा, सरोगसी यांचा उल्लेख आहे. त्या प्रमाणित यादीत ताठरतेच्या अभावासाठी स्वतंत्र कलम मला आढळले नाही. काकांच्या पॉलिसीतली ती ओळ कंपनीने स्वतः जोडलेली होती. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने जे गेले ते परत उभे करणे ही पुनर्रचना नाही तर काय, असा युक्तिवाद करता येण्याजोगा होता. कंपनीने दाद दिली नाही तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. मी दोन पानांचा मसुदा तयार करून नेला.

काकांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मसुदा उत्तम आहे. पण सुनावणीत हा मोठ्याने कोण वाचणार?" सही त्यांनी केली नाही. मुदतठेव मोडली आणि देशी दांड्यांचा संच बसवून घेतला. फुगणारा संच आपल्याला झेपणारा नाही, हे त्यांनी कुणाशी न बोलता ठरवून टाकले होते. मला राग आला होता, आणि तो काकांवर नव्हता.

त्या सहीचा विचार मी पुष्कळ केला आहे, कारण या देशात वैद्यकीय उपकरणाची किंमत कशी खाली येते याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. हृदयातल्या स्टेंटच्या भरमसाट किमतींविरुद्ध वीरेंद्र सांगवान या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१६ साली स्टेंट आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७मध्ये औषधद्रव्य सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये, साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची पाळी आली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा लागली. काकूंचा गुडघा त्यामुळेच आवाक्यात आला. १ एप्रिल २०२०पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे कायद्याने 'औषध' ठरली आणि त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पण मुळात लाखांत असलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांनीच वाढेल, हा दिलासा कसला? कमाल मर्यादा हवी असेल तर कुणीतरी याचिका करावी लागते, वर्तमानपत्राला मुलाखत द्यावी लागते, आपले बिल लोकांपुढे ठेवावे लागते. हृदयरोगी हे करू शकतो. सहानुभूतीही मिळवतो.

बाहेरच्या जगातही हे वर्गीकरण फार सुसंगत आहे असे समजू नये. १९९८ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये व्हायग्राला परवानगी मिळाली. ऑक्टोबरमध्ये एक कायदा झाला : जी विमायोजना स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देते, तिने स्तनाच्या पुनर्रचनेचाही खर्च दिलाच पाहिजे. अत्यंत योग्य कायदा. प्रोस्टेट काढलेल्या पुरुषासाठी तसा संघराज्यीय कायदा मात्र झाला नाही. तिथली ज्येष्ठांची मेडिकेअर योजना इम्प्लांटचा खर्च देते, परंतु याच विकारावरच्या गोळ्यांचा खर्च २००७पासून देत नाही आणि निर्वात पंपाचा जुलै २०१५पासून देत नाही. म्हणजे रुग्णाने स्वस्त उपाय पदरच्या पैशाने करावेत. महागडी शस्त्रक्रिया योजना करून देईल. करदात्यांच्या पैशावर कुणाची मौज नको, अशा भाषणांतून निघालेला हा हिशेब आहे.

आपल्याकडे भाषणेही होत नाहीत. १९५४च्या औषधे व जादूटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने लैंगिक सामर्थ्य वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि रेल्वेने प्रवास करणाऱ्या कुणालाही रुळांकडेच्या भिंती काय सांगतात हे माहीत आहे. त्या भिंतींमागच्या तंबूत जाणारा पैसा कुठल्या विम्यात धरलेला नसतो, तरी लोक तो देतात. तिथे पावती मागायची नसते आणि नावही सांगायचे नसते. केंद्र सरकार अपंगांच्या साहाय्य योजनेतून काही लाखांचे कॉक्लिअर इम्प्लांट बहिऱ्या मुलांना बसवून देते आणि ते उचितच आहे. तेव्हा शरीरात बसवायच्या महाग उपकरणासाठी सरकारी पैसा मिळतच नाही, असे नाही. तिचाकी सायकलीच्या वाटपाला मंडप घालता येतो, छायाचित्र निघते. हे असे वाटप कुठल्या मंडपात होणार?

काकांजवळ निदान मुदतठेव होती. ज्यांच्याजवळ तीही नाही, अशा एका गटाचा विचार मनातून जात नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. शिश्नातून बाहेर जाणारे रक्त असे तुंबले की वेदनादायक ताठरता तासन्‌तास उतरत नाही; तिला प्रायापिझम म्हणतात. प्राणवायूविना आतली ऊती मरते, तिथे कठीण व्रण धरतो, आणि विशी-पंचविशीतला तरुण कायमचा निकामी होतो. त्यानंतर इम्प्लांटखेरीज मार्ग उरत नाही, आणि व्रण धरलेल्या ऊतीत तो बसवणेही अवघड असते. नंदुरबार, गडचिरोलीपासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा रोग आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. कागदावर या तरुणाची दखल दोनदा घेतलेली आहे.

आता त्याचा हिशेब मांडा. फुगणाऱ्या संचाचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. बाविसाव्या वर्षी बसवला तर साठीपर्यंत तो दोन-तीनदा बदलावा लागणार. दर वेळी काही लाख रुपये, आणि मोठ्या शहरातले रुग्णालय. हा खर्च विम्यातून वगळण्यासाठी तरी आधी विमा असावा लागतो. याउलट, ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर ती तातडीची अवस्था आहे, आणि वेळेत पोहोचलेल्या रुग्णाचे तुंबलेले रक्त सुईने काढून शिश्न वाचवता येते. त्याला सुई, सलाइन, एक साधे औषध आणि ते करू जाणणारा डॉक्टर लागतो. तपासणीच्या शिबिरात सिकलसेलग्रस्त मुलाला त्याचे कार्ड देताना ही चार तासांची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला बहुतेक ठिकाणी आशाताई असतात, आणि ऐकणारा सोळा वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला असतो.