उशिराचे माप

उशीर किती झाला म्हणजे त्याला उशीर म्हणावे? आगगाडी अर्ध्या तासाने आली तरी आपण ती वेळेवर आली असेच समजतो. सम मात्र सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने चुकली तरी बैठकीतल्या माना हलायच्या थांबतात.

श्रावणात माझ्या थोरल्या बहिणीचे गाणे ध्वनिमुद्रित करायचे ठरले. आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुरूंकडून आलेल्या काही बंदिशी तिच्याच गळ्यात आहेत, कागदावर कुठेच नाहीत. आणि गळा आता सकाळी तासभर साथ देतो. पुतण्याने सदाशिव पेठेतल्या आमच्या माडीवर संगणक मांडला, आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने षड्ज लावला आणि थांबली.

"अरे, माझ्यामागून कोण गातंय?"

तीच गात होती. संगणक सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतो, बफर नावाच्या भांड्यात साठवतो आणि भांडे भरले की मगच पुढे सरकवतो. हे भांडे १०२४ नमुन्यांचे होते. जाताना एक, येताना एक. मिळून सुमारे ४३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी जवळजवळ १५ मीटर जातो. म्हणजे आक्का स्वतःपासूनच पन्नासएक फुटांवर बसली होती! सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मांडवात शेवटच्या रांगेला याहून अधिक उशीर सोसावा लागतो. पण तिथे गाणारा निराळा, ऐकणारा निराळा. इथे आपला स्वर हाडांतून आधीच कानी पोचलेला असतो.

"मग भांडं लहान कर ना!" मी म्हणालो. त्याने ६४ केले, तर आवाजात फुटाणे फुटू लागले. तांब्याने हौद भरणाऱ्या पाणक्यासारखी संगणकाची दमछाक होत होती. एक खेप चुकली की आवाजाला भोक. त्यात पुतण्याने हौसेने प्लग-इनांची रांग लावलेली. एक घुमारा देणारा, एक गोलाई देणारा आणि एक चढा स्वर येण्यापूर्वीच त्याला आवरणारा. हा शेवटचा मोठा लबाड. पुढचे आधी पाहायचे तर हातातले रोखून धरणे आलेच; बफर कितीही लहान करा, याचा उशीर हटत नाही.

अखेर सगळे दागिने उतरवले आणि भांडे १२८ वर ठेवले. घुमारा मागाहून, मोठ्या बफरवर, निवांत द्यावा. तेव्हा कोणी गात नसते. आता उशीर उरला सहा फुटांचा. पेटीवाला बसतो तेवढ्या अंतराचा, आणि त्याची आक्काला साठ वर्षांची सवय.

तीन बंदिशी झाल्या. चौथीच्या अंतऱ्याला गळा बसला.