तियानाचे चौदावे वर्ष

सर्बियाची तियाना बोशकोविच हे नाव आपल्या घरांत क्वचितच कुणाला ठाऊक असेल. आमच्या सोमाटण्याला गहुंजेचे क्रिकेट स्टेडियम इतके जवळ की, हमरस्त्यावरची कोंडी पाहूनच आज सामना आहे हे लहान पोरेही ओळखतात. पण व्हॉलीबॉल, तोही बायकांचा, तोही सर्बियाचा? मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. खेळाशी माझा संबंध एवढाच की, मुलींचा संघ बाहेर निघाला की सोबत एक शिक्षिका लागते आणि ती बहुधा मीच असते. मैदानाच्या कडेला बसून बसून खेळ कळू लागला. मग रात्री मोबाईलवर मोठ्या खेळाडूंचे सामने पाहू लागले, आणि त्यांत ही उंच, डावखुरी मुलगी नजरेत भरली.

तियानाचा जन्म ८ मार्च १९९७ चा. बोस्निया-हर्झेगोव्हिनामधल्या बिलेचा या छोट्या गावात ती वाढली आणि तिथल्याच क्लबात खेळायला लागली. २०११ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, ती सीमा ओलांडून सर्बियाची राजधानी बेलग्रेडला पार्टिझान व्हिझुरा या क्लबात गेली. थोरली बहीण दायाना हीदेखील व्हॉलीबॉलपटू आणि त्याच क्लबातली. अठराव्या वर्षी तियाना इस्तंबूलच्या क्लबात पोहोचली. एकोणिसाव्या वर्षी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, सर्बियाच्या संघाबरोबर रौप्यपदक. २०१८ मध्ये जपानला जागतिक विजेतेपद, अंतिम सामन्यात इटलीवर ३-२ अशी मात, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच. २०२१ मध्ये टोकियोला कांस्यपदक. २०२२ मध्ये ब्राझीलला सरळ तीन सेटमध्ये हरवून पुन्हा जागतिक विजेतेपद, आणि पुन्हा सर्वोत्तम खेळाडू तीच.

हे मी घरात उत्साहाने सांगितले तेव्हा आमच्या भाईजाननी पहिला प्रश्न विचारला, "बोस्नियातली सर्ब? आणि तिचं कौतुक तू आपल्या मुलींना सांगणार?" प्रश्न रास्त होता. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सर्ब फौजांनी आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले, ते विसरायचे नाही आणि मुलांना शिकवायचेही. पण ही मुलगी त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने जन्मली. बापजाद्यांच्या पिढीचा हिशेब पोरांच्या नावावर मांडायचा नसतो. आपल्या इथे आपल्या मुलांबाबत तसे कुणी केले तर आपल्याला किती झोंबते! भाईजान गप्प झाले. पटले म्हणून की चहा आला म्हणून, ते तेच जाणोत.

आता तिच्या डाव्या हाताबद्दल, कारण आपल्याकडे डावखुऱ्या मुलींना अजून जेवताना टोकले जाते. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणारी खेळाडू नेटच्या उजव्या टोकाला असली, तर सेटरने उचललेला चेंडू तिच्याकडे डावीकडून येतो. उजव्या हाताने खेळणारीला तो अंगावरून पलीकडे जाऊ द्यावा लागतो, मग हात फिरतो. डावखुरीच्या तो आधी हातापाशीच येतो. म्हणून संघात सेटरच्या समोरची ती जागा, जिला ऑपोझिट म्हणतात, डावखुऱ्या खेळाडूला फार मानवते. तियाना तिथेच खेळते. उंची सहा फूट चार इंचांच्या घरात, बायकांच्या नेटची उंची २.२४ मीटर. तिने उडी मारली की समोरच्या मुलींचे ब्लॉकला वर गेलेले हात तोकडे पडलेले दिसतात. आणि सेट अटीतटीला आला की सेटर चेंडू तिलाच देते, हे समोरच्या सहाही जणींना माहीत असते! तरी गुण मिळतोच.

मला जास्त विचार करायला लावले ते इस्तंबूलने. बाहेरून आलेल्या मुलीला २०२५ पर्यंत दहा हंगाम सांभाळणारा तिचा क्लब होता एज्झाजीबाशी, औषधनिर्मितीतून वर आलेल्या उद्योगसमूहाचा. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी वाकिफबँक. नावात आपला 'वक्फ' शब्द दिसतोय ना? १९५४ मध्ये तिथल्या वक्फांच्या पैशातून उभी राहिलेली ही बँक आहे, आणि तिच्या मुलींचा संघ अनेकदा युरोपचा विजेता ठरला आहे. वक्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कब्रस्तान, दर्गा आणि कोर्टातल्या तारखा येतात. वक्फच्या पैशातून उभ्या बँकेने मुलींना पगार देऊन व्हॉलीबॉल खेळवावे हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. त्या देशात बायकांचा व्हॉलीबॉल सामना घरोघरी पाहिला जातो. राष्ट्रीय संघाला लाडाने 'नेटवरच्या सुलताना' म्हणतात. २०१९ चा युरोपीय अंतिम सामना अंकारात, तुर्की प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात, तुर्कस्तान विरुद्ध सर्बिया. तियानाच्या संघाने तो ३-२ ने जिंकला आणि मग ती पुन्हा इस्तंबूलला खेळायला गेली. २०२३ मध्ये ब्रसेल्सला तुर्की मुलींनी त्याच ३-२ ने परतफेड केली.

आपल्या पुण्यातही हा खेळ जगाने येऊन खेळला आहे. ३१ जुलै ते ९ ऑगस्ट २००९ या काळात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एकवीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. शहरात स्वाइन फ्लूची दहशत पसरली तेच दिवस. ब्राझील पहिला, क्यूबा दुसरा, रशिया तिसरा आणि भारत चौथा. जगात चौथा! सोमाटण्याहून बालेवाडी म्हणजे हमरस्त्याने सरळ वाट, तरी आमच्या भागात हे आज कुणाला आठवत नाही.

हे सगळे लिहायला बसले ते एका मुलीमुळे. माझ्या वर्गातली, यंदा नववीत, डावखुरी, उंची माझ्याहून चार बोटे जास्त. जूनमध्ये तिची अम्मी भेटायला आली. "मॅडम, आठवीपर्यंत चाललं. आता मोठी झाली ती. घरात नको म्हणतात." घरात म्हणजे दादी. मी दादीला भेटायला गेले. त्यांचे आक्षेप मी मनावर घेतले, कारण त्यांतला एकही खोटा नव्हता. सराव संपायला मगरिब होते आणि फाट्यावरून मुलगी एकटी येते. चड्डी घालून खेळायचे नाही. सोबत कोण? आणि शेवटी, आवाज खाली आणून, "उद्या रिश्ता येईल तेव्हा काय सांगायचं, बॉल मारते म्हणून?"

पहिले तीन प्रश्न बंदोबस्ताचे होते. सराव शाळेआधी सकाळी सातला घेतला. क्रीडाशिक्षकांनी पूर्ण ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांना लगेच हो म्हटले. त्यांना मी रिओचाच एक फोटो दाखवला होता: इजिप्तची दुआ अल्‌गोबाशी, हिजाब आणि अंगभर कपड्यांत, बीच व्हॉलीबॉलच्या नेटवर उडी मारताना. तीही तेव्हा एकोणीसच वर्षांची होती. सोबतीसाठी सहावीतली धाकटी बहीण सरावाला येऊ लागली, आणि आता तीच जास्त हट्टाने येते.

चौथ्या प्रश्नाला माझ्याकडे पाठ केलेले उत्तर नव्हते. मी श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्ट काढली. इंजिनीअरिंगचा रस्ता सोडून पोराने मुंबईला जाऊन गोलंदाजी करावी, हे त्याच्या वडिलांनीच उचलून धरले होते. दादी म्हणाल्या, "तो मुलगा होता." मी म्हटले, "मुलींनाही रेल्वे खेळावर नोकरी देते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत, त्या मुलींनाही आहेत. नोकरीवाल्या मुलीला रिश्ते कमी येतात का?" दादींनी सुपारी कातरता कातरता विचारले, "रेल्वेत पेन्शन असते का?" त्या दिवशी तेवढ्यावर उठले.

मुलगी खेळते आहे. ऑगस्टमध्ये तालुक्याला आमचा संघ पहिला आला आणि शेवटच्या सेटमधले सात गुण तिच्या डाव्या हाताचे होते. आता जिल्हा स्पर्धा आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्यापुढे विभागीय स्पर्धेला मुक्काम पडतो, आणि ती गोष्ट मी अजून दादींसमोर काढलेली नाही. तिच्या अम्मीने मात्र परवा शाळेच्या फाटकाशी हळूच विचारले, "मॅडम, मुक्कामाला तुम्ही असता ना?" असते म्हणाले.